शंका असेल तर गाडी जाऊ द्या

मागच्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसात एका हुशार मुलाने मला एक ओळ तपासायला पाठवली. ‘ग्राहकाच्या विनंतीनुसार आवश्यक ती कार्यवाही करते.’ ती वाचली आणि मी खुर्चीतून उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मुलं मान वर करून बघायला लागली तेव्हा कळलं, की मी ललितभैय्यांसारख्या फेऱ्या मारते आहे. आणि त्या मुलाला जे विचारलं तेही त्यांचंच होतं. “हे तू कोणाला सांगून राह्यला?” तो गोंधळून म्हणाला, “एजंटला.” मी विचारलं, “आन् त्याला कळलं का?” पुण्यात असं बोललं की लोक आधी हसतात आणि मग ऐकतात.

ललितभैय्या जुन्या जालन्यातल्या एका मारवाडी जैन घरातले धाकटे. घराण्याची धान्याची आडत पिढ्यानपिढ्यांची. शिवाय थोरल्या भावाची, मदनभैय्यांची, ऑक्सिजन सिलेंडरची एजन्सी होती. लोखंडाच्या कारखान्यांना आणि दवाखान्यांना सिलेंडर जायचेच, पण खेडोपाडी घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांनाही जायचे. ललितभैय्या आडतीवर बसले, टिकले नाहीत. मुंबईला जाऊन संगणक शिकले, दहा ठिकाणी कामं केली, परत आले. घरात त्यांच्याबद्दल एकच मत होतं, की ह्याचं बूड एका जागी ठरत नाही. हे मत अगदी शब्दशः खरं होतं. कापडदुकानावरच्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते नोकरीला होते, पण त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चपला काढायच्या आणि अनवाणी चालत राहायचं. संध्याकाळी एक चप्पल माझ्या टेबलाखाली सापडायची, दुसरी पाण्याच्या फिल्टरपाशी. ती शोधायची घाई असायची, कारण सूर्यास्तानंतर ते अन्न-पाणी घेत नसत. पन्नाशीचा उंच माणूस अर्धवट वाकून सगळ्यांच्या पायांत बघत फिरतोय, हा आमच्या ऑफिसचा रोजचा समारोप होता.

मी तिकडे नोकरीला लागले ती अंकुशनगरजवळच्या आमच्या वाडीतून येऊन. पत्ता विचारायला फोन केला तर तो ललितभैय्यांनी उचलला. जालन्यात पत्ता म्हणजे ‘इकडं या आन् कोणालाबी विचारा’. ह्यांनी मला उलटंच सांगितलं. “मशिदीपाशी डावीकडं वळावं वाटंल, वळू नको. पुढं गहू-ज्वारीचे दुकानं लागतील, तिथं एक जिना दिसंल, तो आपला न्हाई. आपल्या जिन्याला खाली साड्या टांगलेल्या हायेत.” मी कोणालाही न विचारता पोचले. पोचल्यावर त्यांनी ‘या, बसा’ म्हटलं नाही. कुठे अडखळलीस का, हे विचारलं. मी म्हटलं, दोन जिन्यांना साड्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि खाली जाऊन तो दुसरा जिना बघून आले.

काम काय होतं ते सांगते. एजंट म्हणजे संगणकातला एक हरकाम्या. लोकांनी मोबाइलवर लिहिलेलं त्याला वाचता येतं, त्यांचं म्हणणं समजतं, पण त्याला स्वतःचे हात नसतात. हात आपण द्यायचे. सिलेंडरची नोंद करायची एक टूल, गाडी ठरवायची दुसरी, पत्ता बदलायची तिसरी. प्रत्येक टूलवर चार ओळींचं वर्णन लिहिलेलं असतं, आणि कुठल्या वेळी कुठला हात उचलायचा हे तो बापडा त्या चार ओळी वाचून ठरवतो. त्याला आतली भानगड दिसत नाही, आपल्या मनातलं कळत नाही. ओळी भोंगळ असतील तर तो भोंगळ काम मन लावून करतो.

माझं पहिलं वर्णन होतं, ‘ग्राहकाची माहिती आणते.’ ललितभैय्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि चालायला लागले. कोणती माहिती, कोणत्या ग्राहकाची, ग्राहक सापडलाच नाही तर काय आणते, रिकाम्या हाताने येते की चुकीचा माणूस धरून आणते, असे एकेक प्रश्न प्रत्येक फेरीला एक याप्रमाणे आले. मला राग आला. मी म्हटलं, एवढं तर कोणालाही कळतं. ते थांबले. त्यांचं थांबणं दुर्मिळ, म्हणून लक्षात राहिलं. म्हणाले, “ज्याला कळतं त्याच्यासाठी आपण लिहून नाही राह्यलो, वैशाली. नवी सून पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात उभी हाये. सगळे डबे सारखे, आन् सासू बाहेरून म्हणती, त्या डब्यात हाये ना. तू सासू होऊ नको.”

आणि मग त्यांचा तो कायमचा हेका. कधी वापरायचं हे सगळे लिहितात, कधी वापरायचं नाही ते कोण लिहिणार? “कधी न्हाई, ते लिही.” चहा पिताना, जिना उतरताना, दुसऱ्याच्या फोनवर वाकून बघताना, हे वाक्य चालूच. ‘योग्य’, ‘आवश्यक’, ‘वगैरे’ हे शब्द दिसले की त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा व्हायचा. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापून आली आणि तीत ‘सायंकाळी स्नेहभोजन’ एवढंच होतं. त्यांच्याकडचे अर्धे पाहुणे सूर्यास्तानंतर न जेवणारे. मदनभैय्या म्हणाले, आपल्या लोकांना काय सांगायचं, त्यांना ठाऊक आहे. ललितभैय्यांनी ऐकलं नाही. छोट्या चिठ्ठ्या छापून प्रत्येक पत्रिकेवर स्वतः चिकटवल्या. ‘भोजन सूर्यास्तापूर्वी. नंतर आल्यास फक्त भेट होईल.’ मदनभैय्या महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. जेवणाला मात्र सगळे वेळेवर आले.

वर्णन लिहून झालं की ते दिसेल त्याला वाचायला लावायचे. कुरियरवाला, खालच्या दुकानातला सेल्समन, पाण्याचे जार आणणारा. समजा तुम्ही आजच इथं कामाला लागले, हे वाचा आणि काय कराल ते सांगा. लोकांनी आमच्या मजल्यावर यायचं टाळायला सुरुवात केली होती. जारवाला जार जिन्याच्या तोंडाशी ठेवून पळायचा.

तर एजन्सीचं काम मदनभैय्यांनी आमच्याकडे दिलं ते धाकट्या भावावर विश्वास बसला म्हणून अजिबात नाही. त्यांचा फोनवरचा माणूस सोडून गेला होता आणि दिवसभर फोन घणघणत होता. ते ऑफिसात आले, पाणी प्यायले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “कारखान्याचं सिलेंडर चुकलं तर तो मालक मला शिव्या देईल. घरी पेशंट हाये तिथलं चुकलं तर माणूस जाईल. जिम्मेदारी कोणाची?” ललितभैय्या म्हणाले, “माझी.” घरात आयुष्यभर ज्याच्यावर साधी किल्लीसुद्धा कोणी सोपवली नव्हती, त्या माणसाचं ते एका शब्दाचं उत्तर होतं. त्या दिवशी त्यांना दोन्ही चपला लगेच सापडल्या आणि तरी ते घरी जाईनात.

बाकीची टूल्स आम्ही वाटून घेतली. एक त्यांनी कोणालाच दिली नाही. रुग्णाचा पुरवठा कायमचा थांबवायची टूल. तिची चार वाक्यं त्यांनी लिहिली, खोडली, परत लिहिली, पंधरवडाभर. शेवटी जे झालं ते आम्हाला सगळ्यांना पाठ झालं होतं. ‘ही टूल रुग्णाचा सिलेंडरपुरवठा कायमचा थांबवते. रुग्ण बरा झाला किंवा वारला, असं घरच्यांनी स्पष्ट कळवलं असेल तरच वापरावी. रुग्ण परगावी गेला असेल, दवाखान्यात असेल, किंवा घरून उत्तर येत नसेल तर वापरू नये. रुग्ण मोबाइल नंबरवरून ओळखावा.’ जारवाल्याला गाठून वाचायला लावलं, त्यालाही कळलं. आमचे साहेब म्हणाले, ह्यात आता बोट ठेवायला जागा नाही. ललितभैय्या म्हणाले, बघू.

दोन-तीन महिने सुरळीत गेले. मदनभैय्यांचा फोन शांत झाला. ललितभैय्या मात्र रोज सकाळी एजंटने काल काय काय केलं ते उभ्याने वाचायचे आणि दुपारी खाली टपरीवर जाऊन एजन्सीचा टेम्पो चालवणाऱ्या रशीदभाईंना गाठायचे. कुठं गेल्ते, कोण भेटलं, सिलेंडर कोणी उतरवून घेतलं. रशीदभाई वैतागायचे, पण सांगायचे.

त्या मंगळवारी अंगारकी होती. राजूरच्या गणपतीला सगळा जिल्हा लोटलेला. मी आणि ललितभैय्या टपरीवर उभे होतो. रशीदभाई सहज बोलून गेले, की बरं झालं, ह्या वेळी राजूरचं नावच आलं नाही, नाहीतर गर्दीत मेलो असतो. ललितभैय्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “राजूरला तर पेशंट हायेत. कोण म्हणलं जाऊ नका?”

“तुमच्या मशीननंच काढून टाकलं, भैय्या. परवाच्या फेरीलाबी नव्हतं.”

वर येऊन बघितलं. राजूरच्या एका किराणा दुकानदाराच्या नंबरवरून मेसेज आला होता, ‘म्हातारा वारला, आता सिलेंडर नको.’ एजंटने वर्णन वाचलं. घरच्यांनी स्पष्ट कळवलं आहे, रुग्ण वारला आहे, नंबर जुळतो आहे. त्याने त्या नंबरावरचा पुरवठा थांबवला. त्या नंबरावर तीन रुग्ण होते. एक वारला होता. दुसऱ्याला पोरांनी आधीच संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या होत्या गयाबाई. चुलीच्या धुराने छाती गेलेली, घरात वीज येऊन जाऊन, सगळी भिस्त सिलेंडरवर.

तो नंबर बबनरावांचा. त्यांना फोन लावला, लागला नाही. अंगारकीच्या दिवशी राजूरच्या दुकानदाराला फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. आम्ही टेम्पोत एक लहान भरलेला सिलेंडर टाकला आणि निघालो. रशीदभाई चालवायला, मध्ये मी, कडेला ललितभैय्या. ते काच खाली करत होते, वर करत होते. भोकरदन रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, एका नंबरावर तीन घरं कशी? मी त्यांना आमच्या वाडीचं सांगितलं. घरातला फोन कधी पोराबरोबर ऊसतोडीला गेलेला, कधी रेंजच नाही. म्हणून गॅसला, दवाखान्याला, कुठेही नंबर द्यायचा तो दुकानदाराचा. त्याचा फोन चार्ज असतो, तो दुकानात असतोच, आणि निरोप आला की पोराला पळवतो. आमच्याकडे सगळे असंच करतात. ललितभैय्यांच्या गल्लीत माणशी दोन फोन. नंबर म्हणजे माणूस, ह्यात शंका घेण्यासारखं काही असेल असं त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं. त्यांनी काच तेवढी पुन्हा खाली केली.

राजूरच्या अलीकडेच रस्ता तुंबला. जीपगाड्या, मोटारसायकली, नारळ घेतलेल्या बाया, पिपाण्या. टेम्पो हलेना. रशीदभाई म्हणाले, थोडं थांबू. ललितभैय्या तोवर उतरले होते. सिलेंडर एका बाजूने त्यांनी आणि दुसऱ्या बाजूने रशीदभाईंनी धरला, पाना माझ्या हातात. लोक समोरून दर्शन करून येत होते आणि आम्ही आडवे घुसत होतो. सरका, जल्दी सरका, पेशंट हाये, असं ओरडून रशीदभाईंचा घसा बसला. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. घर सापडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार, की दारात माणसं जमलेली असतील.

दारात कोणी नव्हतं. गयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, नळी नाकाला. सिलेंडरचा काटा लाल पट्ट्यात होता, पण शून्याला टेकला नव्हता. सून मंगल पंख्याने वारा घालत होती. रशीदभाईंनी सिलेंडर जोडला, चावी फिरवली, आणि मला एकदम रडू आलं. मंगल म्हणाली, बबनरावांकडे दोनदा जाऊन आले, गर्दीत त्यांनी ऐकलंच नाही. आत्याबाई म्हणाल्या, नोंद आहे, गाडी येईल.

ललितभैय्या त्यांच्यासमोर उकिडवे बसले. एवढे दिवस हा सिलेंडर कसा पुरला, हे त्यांनी हळूच विचारलं. गयाबाईंनी चावीकडे बोट दाखवलं. थोडं थोडं करून त्यांनी उत्तर दिलं.

“चावी कमी केल्ती. गाडी येईस्तोवर पुरावं म्हनून... थोडा थोडाच श्वास घेऊन राह्यले.”

मंगलने चहा आणला. दिवस वर होता, तरी ललितभैय्यांनी घेतला नाही. बाहेर आलो तर त्यांच्या दोन्ही चपला दारात एकमेकींना लावून सरळ ठेवलेल्या होत्या, मंगलने ठेवलेल्या. ते त्यांच्याकडे बघत उभे राहिले. रशीदभाईंनी दोनदा हाक मारल्यावर पाय घातले.

बबनरावांना ते वाटेत भेटले. मला वाटलं भांडतील. बबनराव नारळ फोडता फोडता म्हणाले, मी खरं तेच लिहिलं, कोणता म्हातारा ते तुम्हाला माहीत असणारच. ललितभैय्या म्हणाले, बराबर आहे, चूक आमची आहे.

दुसऱ्या दिवशी मदनभैय्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. आम्ही दाराबाहेर उभे. मदनभैय्या ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. बंद करून टाक, म्हणाले. ललितभैय्यांनी थांबवायची टूल तेवढी त्या क्षणी काढून टाकली आणि थोडा वेळ मागितला. मग टेम्पोत बसून ते गावोगाव फिरायला लागले. भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, परतूर. प्रत्येक नंबरामागे कोण कोण आहे, घर कुठलं, रुग्ण कोण, निरोप कोण देतं. ऑफिसात आले तरी चालणं दुप्पट. रात्री झोप लागत नाही, असं त्यांच्या घरून कळायचं. गयाबाईंचं ते वाक्य ते कधी उच्चारत नसत, पण बोलता बोलता मध्येच थांबून एक मोठा श्वास घ्यायचे. आम्ही मान खाली घालायचो.

मग त्यांनी ते वर्णन पुन्हा लिहिलं. नंबरवरून रुग्ण ओळखू नये, एका नंबरामागे अनेक घरं असतात. रुग्णाचं नाव विचारावं. नाव कळलं तरी लगेच थांबवू नये, आपला माणूस त्या दारात जाऊन येईपर्यंत पुरवठा चालू ठेवावा. आणि शेवटी, ‘शंका असेल तर गाडी जाऊ द्या.’ मदनभैय्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, अशाने गाड्या फुकट जातील. ललितभैय्या म्हणाले, “फुकट गेली तर डिझेल जाईल, भैय्या.” पुढचं बोलावं लागलं नाही. मदनभैय्यांनी मान हलवली. भावाचं म्हणणं त्यांनी मान्य केलेलं मी तेव्हाच पाहिलं.

थंडी संपता संपता मला पुण्याची नोकरी लागली. जायच्या आधी शेवटची फेरी म्हणून मी टेम्पोत बसले. ललितभैय्या होतेच. सकाळी बबनरावांच्या फोनवरून दोनच शब्द आले होते, ‘आता नको.’ एजंटने विचारलं होतं, कोणासाठी? उत्तर आलं नाही. त्यामुळे गाडी निघाली होती.

गयाबाईंच्या अंगणात माणसं बसलेली होती. रशीदभाईंच्या खांद्यावर सिलेंडर, तो उतरवावा की परत न्यावा त्यांना सुचेना. ललितभैय्या पुढे झाले. पहाटे गेल्या, असं कोणीतरी सांगितलं. एजंटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी नव्हतं, बबनरावांसकट सगळे नुकतेच मसणवट्यातून आले होते. ललितभैय्या हात जोडून मंगलला सांगायला लागले, की आम्हाला कळलं नाही, आज गाडी यायला नको होती. तिने ऐकून घेतलं.

“असू द्या, भैय्या,” ती म्हणाली. “आत्याबाई रोज इचारायच्या, गाडी आली का. आली म्हनलं की चावी मोठी करून घ्यायच्या आन् मंग पोटभर श्वास घ्यायच्या.” मग सिलेंडरकडे बघून म्हणाली, “आजबी आली बघा.”

आम्ही निघालो तेव्हा दिवस मावळत होता. मंगलने तांब्या पुढे केला आणि ललितभैय्या तिथेच उभ्याने पाणी प्यायले. ते पुढे बसायला आले नाहीत. मागे चढले, त्या भरलेल्या सिलेंडरशेजारी. मागच्या काचेतून मला ते दिसत होते. खड्ड्यात तो आदळू नये म्हणून त्यांनी त्याला एका हाताने धरलं होतं, आणि जालना येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.